मृत्यूचे कारण : एका रकान्याचा इतिहास



ज्या गुरुवर्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते आम्हांला नववीत इतिहास शिकवीत. सनावळ्या पाठ करून घेण्याचा त्यांना मनस्वी कंटाळा होता. कोणताही जुना कागद समोर आला की त्याला तीन प्रश्न विचारावेत, असा त्यांचा आग्रह असे : हा कोणी लिहिला, कोणाच्या सांगण्यावरून लिहिला आणि कोणाच्या उपयोगासाठी लिहिला. पुढे मी मराठीचा अध्यापक झालो, पोथ्या-हस्तलिखिते हाताळली, पीएच. डी.चा प्रबंध लिहिला. परंतु संशोधनाची पद्धती म्हणून या तीन प्रश्नांपलीकडे मला फारसे काही शिकावे लागले नाही. आज तेच प्रश्न घेऊन मी एका अशा कागदाकडे वळणार आहे, की जो आपणा प्रत्येकाच्या नावाने एकदा लिहिला जाईल आणि जो आपल्यापैकी कोणालाही स्वतः वाचावयास मिळणार नाही.

विषय ऐकून काहींच्या भुवया उंचावल्या असतील. कर्करोगातून बऱ्या झालेल्या माणसाच्या मृत्यूचे कारण दप्तरी कितपत खरे नोंदले जाते, हा प्रश्न वैद्यकाचा. साहित्याच्या माणसाने त्यात का पडावे? याचे कारण घरगुती आहे. गेल्या वर्षी माझ्या भाचीचा दूरध्वनी आला. तिच्या डॉक्टरांनी घरातल्यांच्या आजारांची माहिती लिहून मागितली होती. "मामा, आई नेमकी कशाने गेली?" असे तिने विचारले. मी उत्तर देण्यासाठी तोंड उघडले आणि थांबलो. ज्या बहिणीच्या उशाशी मी शेवटच्या रात्री बसलो होतो, तिच्या मृत्यूचे कारण मला एका वाक्यात सांगता येईना. त्या प्रश्नाकडे मी शेवटी येईन. तोवर हा रकाना जन्माला कसा आला, ते पाहू.

मृत्यूच्या कारणाचा वाद मराठी वाचकाला नवा नाही. २५ ऑक्टोबर १७९५ रोजी सवाई माधवराव पेशवे शनिवारवाड्यात वरून खाली पडले आणि २७ तारखेस त्यांचे देहावसान झाले. वय अवघे एकवीस वर्षांचे. ग्रँट डफने १८२६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या इतिहासात त्यांनी जाणूनबुजून उडी टाकली असे लिहिले. ज्वराच्या भ्रमात त्यांचा तोल गेला, असे मानणारे अभ्यासकही आहेत. आता अशी कल्पना करा, की त्या दिवशी वाड्यात आजच्यासारखा छापील नमुना घेऊन एखादा वैद्य बसला आहे. पहिल्या ओळीत तो काय लिहील? शरीराला झालेली इजा. ती कशामुळे? उंचावरून पडल्यामुळे. पडणे कशामुळे? ज्वरातील भ्रमामुळे, की मनाच्या उद्वेगामुळे? आणि उद्वेग असलाच, तर तो नाना फडणिसांच्या करड्या देखरेखीमुळे काय? एकेक पायरी खाली उतरावे तसतसा वैद्य मागे राहतो आणि बखरकार पुढे सरसावतो. शिवाय कागद कोणाच्या देखत लिहिला जात आहे, हेही विसरून चालत नाही. नानांच्या कारभारात राहून 'उद्वेग' हा शब्द कोणी लिहून दिला असता, असे मला वाटत नाही.

येथे भाषेचा अध्यापक म्हणून एक खुलासा करतो. पुष्कळ लोक मृत्यूच्या दाखल्याला 'मृत्युपत्र' म्हणतात. ते चूक आहे. मृत्युपत्रात जाणारा माणूस आपल्या मागे काय व्हावे ते सांगतो. दाखल्यात इतर लोक त्याच्याविषयी सांगतात, आणि त्याला ते खोडून काढता येत नाही. वृत्तपत्रांतील निधनवार्ता हा या दोहोंच्या मधला प्रकार होय. त्यांची परिभाषा आपणा सर्वांना ठाऊक आहे : 'वृद्धापकाळाने', 'अल्पशा आजाराने', 'हृदयविकाराच्या तीव्र झटक्याने' आणि 'दीर्घ आजाराने'. यांतील शेवटचा शब्दप्रयोग मराठी माणूस बिनचूक ओळखतो. वीस वर्षे दम्याने बेजार असलेला गृहस्थ गेला तर 'दम्याच्या विकाराने' असे छापतात. 'दीर्घ आजार' हा बहुतांशी एकाच रोगासाठी राखून ठेवलेला आहे. घरातही त्याचे नाव घेत नाहीत. 'गाठ निघाली' म्हणतात, 'मोठा आजार' म्हणतात, किंवा नुसतेच 'ते' म्हणतात. 'कर्करोग' हा शब्दही मुळात आपला नव्हे; ग्रीक-लॅटिन भाषांत खेकड्यावरून पडलेल्या नावाचे ते रूपांतर. सुश्रुतसंहितेत 'अर्बुद' आहे, 'ग्रंथी' आहे. परंतु हे शब्द ग्रंथातच राहिले आणि बोलण्यात इंग्रजी 'कॅन्सर' आला, तोही दबक्या आवाजात. जो शब्द उच्चारावयाचा नाही त्याची नोंद कशी होणार, या प्रश्नाचा हा आरंभ आहे.

चित्रगुप्ताच्या वहीत माणसाच्या कर्माची नोंद असते, मृत्यूच्या कारणाची नसते. ती वही माणसांनीच सुरू केली, आणि तीही फार उशिरा. १६६२ साली जॉन ग्राँट नावाच्या लंडनच्या एका व्यापाऱ्याने शहरातील मृत्यूंच्या साप्ताहिक याद्या एकत्र करून त्यांवर ग्रंथ लिहिला. प्रेत पाहून कारण ठरविण्याचे काम तेव्हा वृद्ध स्त्रियांकडे असे. उपदंशासारख्या लाजिरवाण्या रोगाचे मृत्यू इतर नावांखाली लपविले जातात, हे ग्राँटच्या तेव्हाच ध्यानात आले होते. म्हणजे हा रकाना आणि त्यातील लपवाछपवी ही जवळजवळ एकाच वयाची आहेत. पुढे इंग्लंडात विल्यम फार याने कारणांचे वर्गीकरण केले आणि १८९३ साली फ्रान्सच्या झाक बर्टिलाँ याने आंतरराष्ट्रीय यादी मांडली. आज सर्व जगात चालणारे रोगांचे वर्गीकरण त्याच यादीची वंशज होय.

आपल्याकडे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही नोंद गावोगाव सुरू झाली, तेव्हा ती गावच्या पाटलाच्या, चौकीदाराच्या किंवा कुलकर्ण्याच्या हाती गेली. रकाने मोजके : पटकी, देवी, ताप, हगवण, इजा आणि 'इतर'. यांत 'ताप' या रकान्याने इतर सर्वांना गिळले. हिवताप, विषमज्वर, क्षय, बाळंतरोग, फुप्फुसाचा दाह, सारे काही ताप. त्याला खोटे म्हणता येणार नाही, कारण मरणाऱ्या माणसाचे अंग बहुधा तापलेले असतेच. १९१८ सालच्या इन्फ्लुएंझाच्या साथीत लक्षावधी लोक गेले. त्यांच्यापैकी फार मोठा भाग कागदोपत्री तापानेच गेला. त्या साथीचा आकडा इतिहासकारांना नोंदीतील कारणांवरून काढता आला नाही. एरवीच्या वर्षापेक्षा किती माणसे जास्त मेली, या वजाबाकीवरून तो काढावा लागला. आपल्या या व्याख्यानापुरती ही वजाबाकीची युक्ती लक्षात ठेवावी. ती पुन्हा भेटणार आहे.

आपल्या बडोद्याविषयीही दोन शब्द. ज्या राज्याने १९०६ साली सर्वत्र सक्तीचे प्राथमिक शिक्षण लागू केले आणि १९३१ साली 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु' नावाचा आठ भाषांचा शासनशब्दकोश छापला, त्या राज्याला शब्दांची किंमत कळत नव्हती असे कोणी म्हणणार नाही. तरीही बडोदे राज्याच्या जनगणना-अहवालांतून जन्ममृत्यूंच्या नोंदी अपुऱ्या असल्याची कबुली मिळते. १९२१ सालच्या जनगणनेचे अधीक्षक सत्यव्रत मुकर्जी हे आकड्यांच्या बाबतीत मोठे चिकित्सक गृहस्थ होते. जिथे मृत्यू झाला हेच कित्येकदा नोंदले जात नाही, तिथे तो कशाने झाला याची काय कथा! वैद्यकीय महाविद्यालय आपल्या शहरात १९४९ साली आले. त्यापूर्वी आपल्या आजोबा-पणजोबांच्या मृत्यूला जी नावे मिळाली, ती वैद्याची कमी आणि घरातल्या वडीलधाऱ्यांची अधिक होती.

१९४८ साली जागतिक आरोग्य संघटनेने वर्गीकरणाची सहावी आवृत्ती स्वीकारली आणि तीबरोबर दाखल्याचा नमुना निश्चित झाला. तोच थोड्याफार फरकाने आजही चालतो. त्याचे दोन भाग असतात. पहिल्या भागात एकाखाली एक ओळी. वर मृत्यूचे तात्काळ कारण, त्याखाली ते ज्यामुळे उद्भवले ते, आणि सर्वांत खाली ज्या मूळ कारणापासून ही साखळी सुरू झाली ते. दुसऱ्या भागात, साखळीत नसलेल्या पण मृत्यूस हातभार लावणाऱ्या इतर व्याधी. सरकारी कोष्टकात मोजले जाते ते एकच, सर्वांत मूळचे कारण. शनिवारवाड्यातील आपल्या काल्पनिक वैद्याला मी ज्या पायऱ्या उतरावयास लावल्या, त्या याच. भारतात १९६९ सालच्या जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियमाने नोंदणी सक्तीची झाली. रुग्णालयातील मृत्यूसाठी 'नमुना ४' आणि घरी झालेल्या मृत्यूसाठी 'नमुना ४-अ' असे दोन कागद रूढ झाले. त्या नमुन्यावरच सूचना छापलेली असते, की मृत्यूस कारण झालेला रोग लिहावा, हृदय बंद पडणे यांसारखा मरणाचा प्रकार लिहू नये. आणि तरीही दाखल्यांवर सर्वांत जास्त वेळा काय आढळते, तर 'हृदयक्रिया व श्वसनक्रिया बंद पडणे'! अहो, ती कोणाची बंद पडत नाही? माणूस का मेला, तर मेला म्हणून, असे सांगण्यासारखेच हे आहे. रात्रपाळीच्या तरुण डॉक्टराला मात्र हे वाक्य सुरक्षित वाटते, कारण ते कधीही चुकत नाही.

आणखी एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. नगरपालिकेतून आपण जो मृत्यूचा दाखला आणतो, बँकेत आणि विम्याच्या कचेरीत देतो, त्यावर मृत्यूचे कारण नसतेच. नोंदवहीतील कारण उताऱ्यात उघड करू नये, असे १९६९च्या कायद्याचे कलम १७ सांगते. हेतू चांगला होता. कुटुंबाची अब्रू जपावी. २०२३च्या दुरुस्तीने कारणाच्या प्रमाणपत्राची प्रत जवळच्या नातलगाला देण्याची तरतूद झाली. परंतु तोवरची पन्नासएक वर्षे कितीतरी घरांतील माणसे ज्या नावाखाली सरकारी कोष्टकात गेली, ते नाव घरच्यांनी कधी पाहिलेच नाही. चूक दुरुस्त कोण करणार? आणि हे सर्व ज्यांच्या बाबतीत काही लिहिले गेले त्यांच्याविषयी. २०२० सालच्या केंद्रीय अहवालानुसार देशात नोंदलेल्या मृत्यूंपैकी अवघ्या २२.५ टक्के मृत्यूंच्या कारणाला वैद्यकीय प्रमाणपत्र होते. गोव्यासारख्या लहान राज्यात हे प्रमाण शंभर टक्के आहे, हा सन्माननीय अपवाद.

आता कर्करोगाकडे वळतो. मुंबईत टाटा स्मारक रुग्णालय १९४१ साली उघडले. दहा वर्षांनी, १९५१ साली, डॉ. डी. जे. जस्सावाला आणि नवल टाटा यांच्या पुढाकाराने इंडियन कॅन्सर सोसायटी स्थापन झाली, आणि तिने १९६३ साली मुंबई शहरासाठी कर्करोगाची नोंदवही सुरू केली. लोकसंख्येवर आधारलेली ही भारतातील पहिली नोंदवही. तिचे कर्मचारी रुग्णालयांतून फिरून नावे गोळा करीत आणि महापालिकेच्या मृत्युनोंदींशी ती ताडून पाहत. जो रुग्ण कोठल्याच रुग्णालयात सापडत नाही आणि केवळ मृत्यूच्या नोंदीवरूनच कळतो, त्याचा वेगळा हिशेब ठेवण्याची जगभर रीत आहे. अशांचे प्रमाण जितके जास्त तितकी नोंदवही कच्ची. म्हणजे कर्करोगाची मोजदाद करणाऱ्यांनी मृत्यूच्या दाखल्यावर पहिल्यापासून पूर्ण विश्वास ठेवलेला नाही. चेन्नईच्या नोंदवहीने तर पुढे असा नियमच केला, की कारण काहीही लिहिलेले असो, शहरातील सर्व मृत्यूंची नावे रुग्णांच्या यादीशी जुळवून पाहावयाची. अमेरिकेतही स्थिती निराळी नव्हती. कॉन्स्टन्स पर्सी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ साली सुमारे ४८ हजार रुग्णांची रुग्णालयातील निदाने त्यांच्या मृत्यूच्या दाखल्यांशी ताडून पाहिली, तेव्हा मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचे मृत्यू दाखल्यांवर प्रत्यक्षापेक्षा जास्त आणि गुदाशयाच्या कर्करोगाचे कमी आढळले. शेजारच्या दोन अवयवांची नावे लिहिताना हात सैल सुटतो, एवढाच त्याचा अर्थ. परंतु कोष्टके त्यानेच बदलतात.

मला स्वतःला यांपेक्षा बार्शीचे उदाहरण अधिक भावते. सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे, नर्गिस दत्त यांच्या नावाने चालणाऱ्या कर्करोग रुग्णालयाच्या आधाराने, १९८७ साली ग्रामीण भारतातील पहिली कर्करोग नोंदवही सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम हे तीन तालुके, सुमारे साडेतीनशे गावे. डॉ. भगवान नेने आणि डॉ. कस्तुरी जयंत यांची नावे या कामाशी जोडलेली आहेत. या भागात डॉक्टराची सही असलेला कागद घराघरांत सापडणे शक्यच नव्हते. तेव्हा नोंदवहीचे लोक स्वतःच गावी जात. सरपंच, शिक्षक, दाई यांना भेटत, रोगाची लक्षणे समजावून सांगत, कोणाला असे काही होते आहे काय ते विचारीत. गाठ, न थांबणारा रक्तस्राव, गिळताना होणारा त्रास, असे बोलणे पारावर उघडपणे होऊ लागले. मोजण्यासाठी केलेल्या या बोलण्याचा परिणाम असा झाला, की काही वर्षांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या स्त्रिया पूर्वीपेक्षा लवकरच्या अवस्थेत उपचारास येऊ लागल्या. १९९५ साली या मंडळींनी तसे प्रसिद्धही केले. नोंद घेणाऱ्याच्या नुसत्या विचारण्याने नोंदली जाणारी गोष्टच बदलावी, असे इतिहासाच्या अभ्यासात क्वचित घडते. आमच्या सरांना हे ऐकून आनंद झाला असता.

घरच्यांना विचारून मृत्यूचे कारण ठरविण्याची ही रीत पुढे देशभर वापरली गेली. भारताच्या महानिबंधकांच्या नमुना नोंदणीतील मृत्यूंच्या घरी प्रशिक्षित माणसे गेली, नातलगांचे कथन लिहून घेतले आणि डॉक्टरांनी ते वाचून कारण ठरविले. त्यावर आधारलेला डॉ. राजेश दीक्षित, डॉ. प्रभात झा आदींचा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. १,२२,४२९ मृत्यूंपैकी ७,१३७ मृत्यू कर्करोगाचे ठरले, आणि त्यावरून २०१० साली देशात कर्करोगाने सुमारे ५,५६,४०० माणसे गेली असा अंदाज निघाला. मोठे काम आहे. पण या सर्व खटाटोपात एक माणूस नीट बसत नाही, आणि तोच माझ्या आजच्या व्याख्यानाचा विषय आहे. कर्करोग झाला, उपचार झाले, बरा झाला, दहा-वीस वर्षे संसार केला आणि मग गेला, असा माणूस. त्याच्या नावापुढे काय लिहावयाचे?

येथे चूक दोन उलट दिशांनी होते. २००२ साली विल्यम ब्लॅक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या दोन चुकांना नावे दिली. मी त्यांना मराठीत 'चिकटलेले निदान' आणि 'निसटलेला दुवा' असे म्हणेन. एकदा कर्करोगाचा शिक्का बसला, की पुढे माणूस कशानेही जावो, घरच्यांच्या तोंडी आणि म्हणून डॉक्टराच्या लेखणीतही तोच आजार येतो. हे चिकटलेले निदान. उलट, कर्करोगाच्या उपचारामुळेच काही वर्षांनी हृदय किंवा फुप्फुस निकामी झाले, तर तो मृत्यू हृदयविकाराच्या खाती जमा होतो आणि उपचाराशी असलेले त्याचे नाते दप्तरातून नाहीसे होते. हा निसटलेला दुवा. तो काल्पनिक नाही. अमेरिकेत स्टॅनफर्ड येथे हॉजकिनच्या रोगावर उपचार झालेल्या २,२३२ रुग्णांचा पाठपुरावा १९९३ साली प्रसिद्ध झाला. त्यांतील ८८ जण हृदयविकाराने गेले होते. छातीवर दिलेल्या किरणांनी रोग घालविला आणि हृदयाच्या रक्तवाहिन्यांना इजाही केली. त्यांचे दाखले एकेक करून पाहिले तर सारे काही बरोबरच दिसले असते.

हा केवळ शब्दांचा खेळ नव्हे, कारण या रकान्यावर मोठमोठे निर्णय उभे आहेत. १९९८ साली मुंबईच्या वस्त्यांतून ३५ ते ६४ वयाच्या सुमारे दीड लाख स्त्रियांचा अभ्यास सुरू झाला. शिकविलेल्या आरोग्यसेविका एका गटातील स्त्रियांची दर दोन वर्षांनी तपासणी करीत. व्हिनेगर लावून केलेल्या साध्या तपासणीने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटल्याचे २०१४ साली प्रसिद्ध झाले. स्तनांच्या तपासणीचा वीस वर्षांचा हिशेब २०२१ साली आला. पन्नाशीपुढील स्त्रियांत मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी, सर्व वयांचा मिळून मात्र निःसंशय म्हणावा असा फरक नाही. गोरगरीब स्त्रियांसाठी याहून मोलाची वार्ता दुसरी कोणती असेल? परंतु 'स्तनाच्या कर्करोगाने मृत्यू' हे तीन शब्द प्रत्येक स्त्रीच्या बाबतीत कोणीतरी ठरविलेले असतात. ब्लॅक यांनी परदेशांतील अशा १२ चाचण्या तपासल्या, तेव्हा ५ चाचण्यांत त्या विशिष्ट रोगाच्या मृत्यूंचा कल एकीकडे आणि सर्व मृत्यूंचा कल दुसरीकडे, असे दिसून आले. म्हणून काही संख्याशास्त्रज्ञ कारणाचा रकाना बाजूलाच ठेवतात. त्याच वयाच्या सर्वसामान्य लोकांपैकी किती जगले आणि या रुग्णांपैकी किती जगले, एवढेच ते पाहतात. १९१८च्या साथीतील ती वजाबाकी येथे पुन्हा आली. ती लक्षावधींना लागू पडते. एका माणसाच्या बाबतीत तिचा उपयोग नाही.

आणि मला एका माणसाविषयीच विचारले गेले होते.

माझी थोरली बहीण, आम्ही तिला ताई म्हणत असू, १९८१ साली एकोणचाळीस वर्षांची असताना तिच्या डाव्या स्तनात गाठ निघाली. मुंबईस नेऊन शस्त्रक्रिया झाली, नंतर कोबाल्टच्या यंत्राखाली किरणोपचार झाले. घरात आम्ही त्याला 'शेक' म्हणत होतो आणि नातेवाइकांना ताई मुंबईला माहेरवाशीण म्हणून मावशीकडे राहिली आहे असे सांगत होतो. सहा महिन्यांनी ती दांडिया बाजारातल्या घरी परतली, तेव्हा दोन धाकट्या मुलींच्या परीक्षा तोंडावर होत्या. त्यानंतर ती बावीस वर्षे जगली. दोन्ही मुलींची लग्ने तिने हौसेने केली. तपासण्यांत रोगाचा मागमूसही पुन्हा कधी आढळला नाही. २००३च्या हिवाळ्यात तिला जिना चढताना धाप लागू लागली, पावलांना सूज येऊ लागली. एका रात्री छातीत कळ आली म्हणून जवळच्या एका खासगी दवाखान्यात नेले. पहाटे ती गेली.

कामावर असलेला तरुण डॉक्टर सभ्य होता. त्याने विचारले, "पूर्वी काही मोठा आजार?" मी सांगितले, "बावीस वर्षांपूर्वी कॅन्सर झाला होता." त्याने दोन ओळी लिहिल्या. वर हृदयक्रिया व श्वसनक्रिया बंद पडणे. खाली, मूळ कारणाच्या जागी, स्तनाचा कर्करोग. मधली बावीस वर्षे त्या दोन ओळींत कोठेही नव्हती. तो कागद घेऊन खासवाडीच्या स्मशानाकडे जाताना मी तो वाचला आणि मला संताप आला. जो आजार ताईने हरविला होता, त्याच्याच खात्यावर तिला जमा केले होते. मी भावोजींना म्हणालो, परत जाऊन बदलून आणतो. ते म्हणाले, "राहू दे. त्याने काय ती परत येणार आहे?"

पुढे काही वर्षे मी हे प्रकरण अज्ञानाचा नमुना म्हणून मित्रांना सांगत असे. २०१३ साली सेरा डार्बी आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि त्याची हकीगत माझ्या वाचनात आली. स्वीडन आणि डेन्मार्क येथील स्तनाच्या कर्करोगाच्या स्त्रियांत किरणोपचाराची जितकी मात्रा हृदयापर्यंत पोचली, तितकी हृदयविकाराची शक्यता वाढली होती. ती वाढ पाच वर्षांच्या आत सुरू होऊन किमान वीस वर्षे टिकली. डाव्या बाजूच्या उपचारात हृदयाला मात्रा अधिक मिळते, हे सांगावयास नको. मी ते पान मिटले आणि बराच वेळ स्वस्थ बसलो. डॉक्टराने लिहिलेला कर्करोग चुकीचा होता, यात शंका नाही. पण ताईचा मृत्यू आणि १९८१ साल यांचा काहीच संबंध नाही, हा माझा दावाही आता पूर्वीसारखा ठाम राहिला नव्हता. चिकटलेले निदान आणि निसटलेला दुवा, दोन्ही एकाच दाखल्यावर! आणि सरांचे प्रश्न विचारावयाचे झाले, तर कोणाच्या सांगण्यावरून लिहिले, याचे उत्तर 'माझ्या' असेच होते. धाप, सूज, कळ यांविषयी मी बोललोच नव्हतो. शेक डाव्या बाजूला दिले होते, हेही नाही. विचारले तेवढे सांगितले, आणि मनात जे वीस वर्षे दडपून ठेवले होते तेच आधी तोंडून बाहेर पडले.

हे किरणोपचाराविरुद्ध बोलणे आहे, असा गैरसमज कोणी करून घेऊ नये. त्या यंत्राने ताईला बावीस वर्षे दिली, आणि आजची यंत्रे हृदय वाचविण्याच्या बाबतीत १९८१च्या यंत्रांपेक्षा फार पुढे गेली आहेत. उपचार नाकारून ती १९८३ सालीच गेली असती, तर तिचा दाखला अगदी अचूक निघाला असता.

भाचीला मी त्या दिवशी दूरध्वनीवर उत्तर दिले नाही. जुनी कागदपत्रे काढली. मुंबईच्या उपचारांचा एक पिवळा पडलेला कागद ताईच्या ट्रंकेत, मुलींच्या जन्मपत्रिकांच्या खाली सापडला. मग पत्र लिहिले. त्यात तीन वाक्ये होती. वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी, १९८१ साली, डाव्या स्तनाचा कर्करोग; शस्त्रक्रिया व किरणोपचार, त्यानंतर रोग पुन्हा आढळला नाही. २००३ साली, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, धाप, पायांवर सूज आणि छातीत कळ येऊन मृत्यू; बहुधा हृदयविकार, शवचिकित्सा झाली नाही. किरणोपचाराचा हृदयावर परिणाम झाला होता किंवा कसे, हे तेव्हा कोणी तपासले नाही. तिसरे वाक्य लिहावे की नाही, यावर मी दोन दिवस घालविले. शेवटी लिहिले.

आठ दिवसांनी भाचीचा पुन्हा दूरध्वनी आला. पहिल्या वाक्यातील वय वाचून डॉक्टरांनी तिची स्वतःची तपासणी लगेच करावयास सांगितली होती. ती झाली आणि निर्वेध निघाली. फॉर्मवर 'आईच्या मृत्यूचे कारण' यासाठी जेमतेम चार बोटे जागा होती, असे ती म्हणाली. तिथे तिने 'मागे पाहावे' असे लिहिले आणि माझी तिन्ही वाक्ये मागच्या कोऱ्या बाजूवर उतरवून काढली.